उरल्यासुरल्यातून भाजी उगवण्याचं किट: इंदूरच्या गच्चीवर ते कितपत चालतं?

कांद्याचे बुडखे, आल्याचे कोंब, पुदिन्याच्या काड्या वगैरे फेकायच्या वस्तूंपासून पुन्हा भाजी उगवायची किटं हल्ली इंदुरात भेटवस्तूंच्या दुकानांत, रोपवाटिकांत, ऑनलाइन, सगळीकडे दिसतात. खोक्यावरचं नाव बदलतं, आतला माल उन्नीस-बीस तोच. त्यामुळे नाव न घेता १,१९९ रुपयांच्या एका किटाबद्दल लिहितो आहोत. निकाल आधीच सांगून टाकतो. सामान कामचलाऊ आहे, किंमत तिप्पट-चौपट आहे आणि खरी गडबड सोबतच्या रंगीत पुस्तिकेत आहे. ती ज्याने लिहिली त्याने माळव्यातला मे महिनाही पाहिलेला नाही आणि माळव्यातला जून महिनाही.

खोक्यात काय निघतं? भोकाच्या झाकणाच्या काचेच्या चार पारदर्शक बरण्या, ९ बाय ९ इंचाच्या चार ग्रो बॅग, ६५० ग्रॅमची कोकोपीटची एक वीट, एक किलो गांडूळखत, १०० ग्रॅम निंबोळी पेंड, ५० मिलीची ‘पोषक द्रावणा’ची बाटली, कचरा लवकर कुजवणारी म्हणून एक पुडी, फवाऱ्याची छोटी बाटली आणि वीस भाज्यांची पुस्तिका.

हिशेब इथेच फसतो. ९ बाय ९ ची एक बॅग काठोकाठ भरायला साधारण ९ लिटर मिश्रण लागतं, म्हणजे चार बॅगांना ३६-३७ लिटर. ६५० ग्रॅमची वीट साडेतीन-चार लिटर पाण्यात फुलून आठ-नऊ लिटर होते आणि एक किलो गांडूळखत जेमतेम दोन लिटर भरतं. थोडक्यात, दिलेल्या मालात एक बॅग भरते, दुसरी तळाशी ओली होते. पुस्तिका माती घालायला सांगतच नाही. ‘फक्त कोकोपीट पुरे’ म्हणते. कोकोपीट पाणी धरतं, पण त्यात अन्न जवळपास नसतं. त्यात लावलेलं रोप तीन आठवडे छान दिसतं आणि मग खालची पानं पिवळी पडायला लागतात.

ग्रो बॅगसाठी मिश्रण असं करावं: माती ४ भाग, चांगलं मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३ भाग, कोकोपीट ३ भाग, आणि दर बॅगेला मूठभर निंबोळी पेंड. आपल्याकडची काळी माती एकटी वापरली तर ओली असताना चिकट गोळा होते, सुकली की बॅगेच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. त्यात निम्मी पिवळी माती किंवा चाळलेली वाळू मिसळली की भागतं. विटेचं कोकोपीट वापरण्याआधी दोनदा साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्यावं. त्यात बऱ्याचदा क्षार असतात आणि कोवळ्या पानांच्या कडा करपतात त्या त्यामुळेच.

हे सगळं सामान सियागंज बाजारात किंवा कुठल्याही बऱ्या रोपवाटिकेत सुटं घेतलं तर तीनशे-साडेतीनशेच्या पुढे जात नाही. बरण्या तर लोणच्याच्या आणि जॅमच्या घरात असतातच.

आता पुस्तिका. तिच्यातला मूळ घोटाळा असा की पात येणं आणि पीक येणं यातला फरक ती सांगत नाही. गाजराचा शेंडा बशीत पाण्यात ठेवला की चार दिवसांत हिरवी पानं फुटतात, फोटो झकास येतो. पण त्याखाली नवीन गाजर होत नाही, होणारही नाही. गाजर म्हणजे रोपाचं सोटमूळ, त्याचा साठा. तो आपण कोशिंबिरीत किसून संपवलेला असतो; वर उरलेल्या डोळ्यात थोडी ताकद असते, तेवढी पानं येतात. बीट, मुळा, सलगम यांचंही तेच. बीटची कोवळी पानं भाजीत घालता येतात, तेवढा फायदा. पुस्तिकेत मात्र ‘गाजरापासून गाजर’ असं चित्रासकट छापलंय. वीसपैकी सहा पानं या एकाच थापेवर उभी आहेत.

मुळ्याबद्दल एक चांगली गोष्ट पुस्तिकेला ठाऊकच नाही. मुळ्याचा वरचा तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा, पानांचे देठ बोटभर ठेवून, डिसेंबर-जानेवारीत मातीत लावला तर तो मुळा देत नाही, पण दांडा वर काढून फुलतो आणि त्याला डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागतात. बियाणं धरणारे शेतकरी मुळा असाच कापून पुन्हा लावतात. मात्र एकच तुकडा लावून उपयोग नाही. मुळ्याच्या फुलाला स्वतःचा पराग सहसा चालत नाही. तीन-चार झाडं जवळजवळ हवीत आणि मधमाश्या यायला गच्ची उघडी हवी. तुकडा लावताना कापलेली बाजू दिवसभर सावलीत सुकू द्यावी, नाहीतर खालून कुजतो. डिंगऱ्या बोटाने सहज मोडतात तेव्हाच काढाव्यात. आत दाणा भरला की सालपट दोरीसारखं होतं.

पातीचा कांदा हा या साऱ्या प्रकारातला बिनचूक गडी आहे आणि तिथे किटाच्या बरण्या खरंच कामी येतात. मुळांसकट पांढरा भाग अडीच-तीन सेंटिमीटर ठेवून कापायचा. बरणीत पाणी फक्त मुळं बुडतील इतकं, म्हणजे सेंटिमीटरभर. पुस्तिका अर्धी बरणी भरायला सांगते आणि इथेच सगळ्यांचा कांदा नासतो. पांढरा भाग पाण्यात बुडाला की बाहेरची पापुद्र्यासारखी साल बुळबुळीत होते, दोन दिवसांत वास सुटतो. कापल्यावर दुसऱ्याच दिवशी नीट पाहिलं तर आडव्या कापात गोल गोल वळी दिसतात. सगळ्यात आतली वळी बाहेरच्यांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर आलेली असते. बाहेरच्या तशाच राहतात, वाढते ती मधलीच. म्हणून पुढच्या कापणीला मधली पात पांढऱ्यापर्यंत खाली कापायची नाही. आठ-दहा दिवसांत पहिली कापणी मिळते. नुसत्या पाण्यात दोन, फार तर तीन कापण्या. त्यानंतर पात केसासारखी बारीक होते कारण बुडख्यातला साठा संपलेला असतो. पहिल्या कापणीनंतरच मातीत लावला तर थंडीभर पोहे-उपम्यावर घालायला पात पुरते. हे इंदूर आहे, पोह्यावर हिरवं काही नसलं तर चालत नाही.

मुळं साफ छाटून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला पातीचा कांदा सुपरमार्केटात मिळतो, तो याला निरुपयोगी. ठेल्यावरची, मुळांना माती लागलेली जुडी घ्यावी.

लसणाच्या बाबतीत पुस्तिका निम्मी खरी. कोंब आलेली पाकळी पाण्यावर टेकवून ठेवली की आठवड्यात पात येते आणि ती पात चटणीला, आमटीच्या फोडणीला उत्तम. पाण्यात गड्डा कधीच धरत नाही. गड्डा हवा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाकळी टोक वर करून तीन-चार सेंटिमीटर खोल, दोन पाकळ्यांत दहा सेंटिमीटर ठेवून लावावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पात पिवळी पडून लवंडली की काढावा. लसणाला गड्डा धरायला थंडी लागते. फेब्रुवारीत लावलेली पाकळी नुसती पात देते आणि शेवटी एकच गोल पाकळी हाती येते. मंदसौर-नीमचचा लसूण हाताशी असताना गच्चीवर गड्डे काढायचा हट्ट कशाला, हा प्रश्न वेगळा. पातीसाठी मात्र जरूर लावावा.

पुदिन्याला दहापैकी दहा. जुडीतून पेन्सिलीपेक्षा बारीक, न सुकलेल्या, दहा-बारा सेंटिमीटरच्या काड्या निवडायच्या. काप पेराच्या लगेच खाली द्यायचा, कारण मुळं पेरातून फुटतात. खालची दोन पेरं निष्पर्ण करून तेवढीच पाण्यात ठेवायची. पान पाण्यात बुडलं की ते सडतं आणि सोबत काडीही नेतं. आठ-दहा दिवसांत मुळं बोटभर झाली की पसरट कुंडीत लावावा. मे महिन्यात गच्चीवरच्या फरशीवर ठेवलेली पुदिन्याची कुंडी दुपारपर्यंत उकडून निघते. पूर्वेकडची गॅलरी किंवा दुसऱ्या मोठ्या झाडाची सावली हवीच.

कोथिंबिरीच्या मुळांबद्दल पुस्तिकेत दोन पानं कौतुक आहे. ते वाया गेलेलं. मुळासकट जुडीची काडी मातीत जगते, पण दोन-तीन आठवड्यांत फुलावर जाते. त्यापेक्षा डब्यातले धणे हलक्या हाताने रगडून दोन फाकी करायचे, रात्रभर भिजवायचे आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात पेरायचे. आठ-बारा दिवसांत उगवतात. भाजलेले धणे उगवत नाहीत, हे सांगावं लागू नये.

कंदांचं प्रकरण जरा सविस्तर घ्यायला हवं, कारण खरं पीक इथेच आहे आणि पुस्तिकेचं वेळापत्रक इथेच तोंडावर आपटतं. ‘बर्फाचा धोका टळल्यावर लावा’ असं तिच्यात बटाट्याच्या पानावर लिहिलंय! माळव्यात बटाटा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये लागतो. कंद धरायला रात्रीचं तापमान २० अंशांखाली हवं. मार्चमध्ये लावला तर पाला हिरवागार आणि मातीत गोट्या. कोंब आलेला बटाटा ३० ते ५० ग्रॅमच्या तुकड्यांत, दर तुकड्याला किमान दोन डोळे ठेवून कापावा, कापलेली बाजू एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावी, मग लावावा. कोंब आखूड, जाड, हिरवट-जांभळे असतील तर उत्तम. अंधाऱ्या कपाटात वीतभर वाढलेले पांढरे लोंबते कोंब लावताना मोडतात. शीतगृहातल्या बटाट्याला पुष्कळदा कोंब रोखणारं औषध दिलेलं असतं. तो महिनाभर ठेवूनही ढिम्म हलत नाही. तुमचं काही चुकलेलं नसतं. किटातली ९ इंची बॅग बटाट्याला अपुरी. १२ बाय १५ ची घ्यावी, तळाशी तिसरा हिस्सा मिश्रण घालून तुकडा लावावा, रोप वीतभर झालं की अर्धं झाकेल इतकी भर द्यावी, तीन आठवड्यांनी पुन्हा. भर द्यायची राहिली तर वरचे बटाटे उन्हाने हिरवे होतात आणि हिरवा बटाटा विषारी, तो खायचा नाही. ८० ते १०० दिवसांत एका बॅगेतून अर्ध्या किलोच्या आसपास निघतो.

आल्याचं वेळापत्रक उलटं. मे-जूनमध्ये लावा, जानेवारी-फेब्रुवारीत काढा. आठ-नऊ महिने लागतात आणि पुस्तिका म्हणते ‘तीन महिने’. तीन महिन्यांत काढलं तर जे लावलं तेच परत मिळतं. ३०-४० ग्रॅमचा तुकडा, त्यावर फुगीर, फिकट पिवळसर-गुलाबी डोळे दोन तरी हवेत. धुऊन चकचकीत केलेलं आलं बहुतेक वेळा डोळे घासून गेलेलं असतं. पाच सेंटिमीटर खोल, डोळा वर, सावलीची जागा, पसरट कुंडी. आल्याला सगळ्यात मोठा धोका कंदकुजीचा: जुलै-ऑगस्टच्या झडीत कुंडीत पाणी साचलं की पानं खालून पिवळी पडतात, खोड ओढलं तर अलगद हातात येतं आणि तळाशी घाण वास येतो. त्यावर इलाज नाही. कुंडीला चार-पाच भोकं, खाली दोन विटा आणि झडीच्या दिवसांत पन्हाळीपासून दूर जागा एवढं आधीच करावं. हळदही हुबेहूब अशीच.

रताळं बरणीच्या तोंडावर काड्या टोचून निम्मं पाण्यात ठेवायचं हे पुस्तिकेत आहे आणि ते बरोबर आहे. पुढचं नाही: फुटलेले कोंब रताळ्यासकट लावायचे नसतात. कोंब वीतभर झाले की खुडून, त्यांना पाण्यात मुळं आणून जून-जुलैत लावायचे. नोव्हेंबरात उपासाची रताळी निघतात. नत्राचं खत जास्त झालं तर वेल धावतो आणि खाली काही नसतं.

इंदूरच्या सराफा बाजारात थंडीत ज्याच्या कढया लागतात तो गराडू (कोनफळासारखा वेलाचा कंद) पुस्तिकेत अर्थातच नाही, आणि इंदूरकरांनी लावायलाच हवा असा कंद तोच आहे. वेलाकडचा, देठाजवळचा टोकाचा तुकडा सालीसकट १००-१५० ग्रॅमचा ठेवावा. पण डिसेंबरात घेतलेला गराडू तेव्हा झोपेत असतो. लगेच लावला तर महिनोन्महिने उगवत नाही आणि ओलीने कुजतो. कापलेल्या बाजूला चुलीची किंवा गोवऱ्यांची राख फासून कोरड्या वाळूत ठेवावा. एप्रिल-मेमध्ये आपणहून डोळा फुटतो, तेव्हा मोठ्या ड्रमात किंवा जमिनीत लावून वेलाला जाळी द्यावी. हाताला तेल लावून कापा, खाज सुटते.

अळवासाठी बाजारातली अरबी मोठी ठेवून जूनमध्ये लावावी. दीड-दोन महिन्यांनी पानं मिळतात. बाहेरची काढायची, आतली दोन-तीन राखायची. ही पानं फदफद्याला चालतात, चिंच जरा सढळ घालावी लागते कारण खाजरेपणा असतो. वड्यांचं काळ्या देठाचं अळू वेगळं. त्याचा कंद रामबागेत किंवा टिळकनगरात ज्यांच्या अंगणात आहे त्यांच्याकडूनच मागून आणावा, तो ठेल्यावर मिळत नाही.

फळांची पानं झटकन उरकतो, कारण पुस्तिकेनेही तेच केलंय. अननसाचा तुरा मुरगळून काढून, खालची पानं सोलून, दोन-तीन दिवस सुकवून लावला तर जगतो. फळाला दोन वर्षं किंवा जास्त, आणि आपली थंडी त्याला सोसत नाही. पपईच्या बियांवरचं बुळबुळीत आवरण चोळून काढल्याशिवाय त्या नीट उगवत नाहीत, आणि ९ इंची बॅगेत पपई ही थट्टा आहे. कागदी लिंबाचं बी बऱ्याचदा आईसारखंच झाड देतं, फक्त चार-सहा वर्षं थांबायची तयारी हवी. टोमॅटोची चकती मातीत पुरली की झुडूपभर रोपं उगवतात; ती विरळ केली नाहीत तर सगळी खुरटी राहतात. शिवाय बाजारातला टोमॅटो बहुधा संकरित, त्यामुळे फळ आईसारखं येईलच असं नाही.

बरण्यांची दोन दुखणी आहेत. पारदर्शक काचेत ऊन लागलं की आठवड्यात हिरवं शेवाळं धरतं. बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळलं की थांबतं. दुसरं डासांचं. डेंगीचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि ती पाण्याच्या वर भिंतीला चिकटवतो. नुसतं पाणी बदलून भागत नाही. दर दोन-तीन दिवसांनी बरणी आतून घासायला हवी. पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं नर्मदेचं, म्हणजे नळाचं घ्यावं. बोअरच्या जड पाण्याने बरणीला आणि मुळांना पांढरा थर बसतो. आरओचं वाया जाणारं पाणी तर वापरूच नये, त्यात क्षार आणखी दाट असतात. पोषक द्रावण बरणीत घातलं की आधी शेवाळं पोसतं, मग कांदा.

कचरा कुजवणाऱ्या पुडीचं हसू येतं, कारण ती इंदुरात विकली जाते आहे. शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी याच शहरातल्या वनस्पती संशोधन संस्थेत पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून, ढीग अधूनमधून उलथून सुमारे तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली आणि १९३१ साली ती प्रसिद्ध केली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखतात. पुडीऐवजी पसाभर ताजं शेण किंवा जुनं कंपोस्ट तेच काम करतं.

खोक्यावरचा ‘कचरा कमी करा’ हा दावाही फुसका. कांद्याचा बुडखा असतो पाच-दहा ग्रॅमचा. आणि इथला ओला कचरा गाडीतून देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो सुरू झाला तेव्हाच त्याची क्षमता रोज ५५० टनांची होती. तेव्हा पर्यावरणाच्या नावाखाली हे किट घेऊ नये. ताजी पात, पुदिना, अळू हाताशी असावं म्हणून बुडखे लावावेत, ते कारण पुरेसं आहे.

गुण द्यायचे तर सामानाला पाचपैकी तीन, पुस्तिकेला एक, किमतीला शून्य. कुणाला भेट म्हणून घ्यायचंच असेल तर ऑक्टोबरमध्ये घ्या, म्हणजे पातीचा कांदा, लसूण, धणे, बटाटा या चारही गोष्टी लगेच लागतात. सोबत शेणखताची पाच किलोची पिशवी द्या, आणि पुस्तिका काढून ठेवा.